हँडल काढून मोटर लावताना

चिखलदऱ्यात पिठाच्या गिरणीचा शाफ्ट झिजला, जनरेटरची पुली फुटली किंवा पंपाचा एखादा भाग तुटला, की तो पिशवीत घालून घाट उतरावा लागतो. वेल्डिंग वर होऊन जाते, ग्राइंडरही सापडतो. पण नव्या शाफ्टवर की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच, पाडायचा किंवा गिअरचे दात कापायचे म्हटले, की ते मिलिंग मशीनचे काम. त्यासाठी परतवाडा गाठायचा, तिथे जमले नाही तर थेट अमरावती, म्हणजे एका बाजूने ऐंशी-नव्वद किलोमीटर. कटर चालतो पंधरा मिनिटे आणि माणसाचा दिवस जातो. विदर्भातल्या या एकमेव थंड हवेच्या ठिकाणाची सुमारे १,१०० मीटरची उंची पर्यटकाला सुखाची असते. हातात तुटलेला शाफ्ट असलेल्या माणसाला ती फक्त चढ-उतार वाटते.

अशा गावात कुणी घराच्या पडवीत जुने मिलिंग मशीन आणून ठेवले, त्याची हँडले काढून मोटरी बसवल्या आणि ते संगणकाकडून चालवले, तर? कल्पना अवघड वाटते, कारण ‘संगणक’ हा शब्द आधी कानावर येतो. प्रत्यक्षात या उद्योगातला संगणकाचा भाग सर्वांत सोपा आहे. घाम फुटतो तो लोखंडापाशी.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार सरकते; मिलिंगमध्ये उलटे, कटर फिरतो आणि टेबलावरच्या व्हाइसमध्ये घट्ट धरलेला जॉब त्याच्याखालून सरकतो. टेबल डावीकडे-उजवीकडे नेणारा अक्ष एक्स, पुढे-मागे नेणारा वाय आणि खाली-वर करणारा झेड. प्रत्येक अक्षाला एक लांब स्क्रू, त्या स्क्रूला हँडल आणि हँडलमागे आकड्यांच्या रेघा असलेली कडी. हँडल फिरवले की स्क्रू फिरतो, स्क्रूवरचा नट पुढे सरकतो आणि नटाला जोडलेले टेबल त्याच्याबरोबर जाते. सरळ खाच कापायला एक हँडल पुरते. वक्र कापायचा तर दोन हँडले एकाच वेळी, वेगवेगळ्या गतीने आणि न थांबता फिरवावी लागतात. तिथे कसलेल्या मशिनिस्टचे हातसुद्धा हरतात.

नेमक्या याच अडचणीतून सीएनसीचा, म्हणजे आकड्यांवरून संगणकाने यंत्र चालवण्याच्या पद्धतीचा, जन्म झाला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार हेलिकॉप्टरच्या पात्यांचे काम करत होता. पात्याच्या छेदाचा वक्र कापण्यासाठी त्याने गणिताने पुष्कळ बिंदू काढले. मग एक माणूस कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघे जण एकेका हँडलाशी उभे राहून त्याप्रमाणे टेबल सरकवायचे. आकडे ऐकून हँडल फिरवणाऱ्या माणसांच्या जागी मोटर का नको, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी पार्सन्सला कंत्राट दिले. त्यातले नियंत्रणाचे काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये तिथे पाहुण्यांसमोर यंत्र चालवून दाखवण्यात आले. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आकडे वाचले जात होते आणि टेबल आपोआप सरकत होते.

या गोष्टीतला एक तपशील बहुतेक जण विसरतात. एमआयटीने त्यासाठी नवे यंत्र घडवले नव्हते. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल हे आधीच तयार असलेले मिलिंग मशीन आणून त्यावर मोटरी आणि नियंत्रणाची कपाटे चढवली होती. शेकडो व्हॅक्यूम ट्यूब असलेली ती कपाटे मूळ मशीनपेक्षा मोठी होती. म्हणजे जगातले पहिले सीएनसीच्या जातीचे मशीन हेच मुळात एक रूपांतर होते. घरच्या पडवीत हा खटाटोप करणाऱ्यांनी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. (याच एमआयटीतून १९२६ मध्ये शंतनुराव किर्लोस्कर इंजिनीअर होऊन परतले होते. पुढे १९४१ मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला लेथचा कारखाना काढला. त्या कारखान्याचे लेथ महाराष्ट्रातल्या मिस्त्र्यांच्या चांगल्या ओळखीचे.)

त्या कपाटांचे काम आज तळहाताएवढा बोर्ड करतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने १९९० च्या दशकात ईएमसी नावाचा कंट्रोलर प्रोग्राम लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. हौशी प्रोग्रामरांनी तो पुढे नेला. त्याच नावाच्या एका मोठ्या कंपनीने हरकत घेतल्यावर २०११ मध्ये त्याचे नाव लिनक्स-सीएनसी झाले. तो फुकट मिळतो. प्रिंटरचा पंचवीस पिनांचा पोर्ट असलेला एखादा जुना संगणक भंगारातून वाचला असेल, तर त्यावरही चालतो. त्याहून छोटे काम असेल तर जीआरबीएल. हा प्रोग्राम नॉर्वेतल्या एका प्रोग्रामरने २००९ मध्ये आर्डुइनोच्या छोट्या बोर्डासाठी लिहिला. शाळेच्या प्रयोगशाळेत मुले थ्री-डी प्रिंटर चालवतात त्यातल्या मोटरी आणि आज्ञांची भाषा याच कुळातली आहे.

आता मशीन.

आपल्याकडे जुन्या मिलिंग मशीनचा विषय निघाला की एचएमटीचे नाव येतेच. बंगळुरूला १९५३ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी कंपनीने पुढे हरियाणात पिंजोरला कारखाना काढला. तिथली एफएन मालिकेतली मिलिंग मशिने देशभरच्या वर्कशॉपांत आणि आयटीआयमध्ये पोचली. त्यांचे ओतीव बेड पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे आहेत आणि लिलावात ती अजून निघतात. मात्र त्यांचे वजन टन-दोन टनांच्या हिशेबात. असे धूड परतवाड्याहून घाटाच्या वळणांवरून वर आणायचे, तर ट्रकइतकीच क्रेनचीही सोय बघावी लागेल आणि घराच्या दारातून ते आत जाईल का हेही आधी मोजावे लागेल. पडवीत शोभणारे मशीन म्हणजे बाकड्यावर बसणारे, पन्नास-साठ किलोंपासून दोनशे किलोंपर्यंतचे. ते पोलादावर जड कट घेणार नाही. ॲल्युमिनियम, पितळ आणि नायलॉनवर मात्र चांगले काम देईल. की-वेपुरते पोलादही कापेल, फक्त थोडे-थोडे आणि धीराने.

जमिनीच्या बाबतीत चिखलदऱ्याचे नशीब वऱ्हाडच्या मैदानापेक्षा बरे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाची फरशी घातली, तर ती ऋतूबरोबर हलते आणि फरशीवरच्या यंत्राची लेव्हल बिघडते. गाविलगडच्या डोंगरात मात्र वरच्या मुरमाखाली काळा बसाल्ट आहे. तिथला पाया इतका खेळ करत नाही.

मशीन जागेवर बसले, की पहिले काम मोटर लावण्याचे नव्हे. आधी डायल गेज लावून स्क्रूमधला ढिलेपणा मोजायचा. नटाच्या आट्यांत आणि स्क्रूच्या आट्यांत बारीक फट असतेच. त्याशिवाय स्क्रू फिरणारच नाही. हँडल उजवीकडे फिरवत आणले आणि मग उलट फिरवले, तर सुरुवातीचा थोडा भाग हँडल नुसतेच फिरते, टेबल जागचे हलत नाही. याला बॅकलॅश म्हणतात; वर्कशॉपमध्ये ‘प्ले आहे’ असे ऐकू येते. वर्षानुवर्षे चाललेल्या मशीनमध्ये हा प्ले पाव-अर्धा मिलिमीटरही असतो. मशिनिस्टला त्याचा त्रास होत नाही, कारण तो त्याच्या हाताच्या सवयीत मुरलेला असतो. तो नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. थोडे पुढे गेले तर पूर्ण मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने येतो. कटर जॉबला स्वतःकडे ओढणार नाही अशा दिशेनेच कट घेतो, टेबलाचा लॉक आवळतो आणि हँडलवरचा दाब अचानक हलका झाला की हात थांबवतो. यातले काहीही कागदावर लिहिलेले नसते.

मोटर यातले काही करत नाही. तिला सांगितले ‘अर्धी फेरी उलट’, की ती अर्धी फेरी उलट फिरते. टेबल हलले की नाही, हे तिला ठाऊक नसते. म्हणून प्ले तसाच ठेवून मोटरी लावल्या आणि गोल कापायला सांगितला, तर गोल येत नाही. वर्तुळावर चार जागा अशा असतात, की जिथे एखादा अक्ष आपली दिशा बदलतो. त्या चारही ठिकाणी सपाट चट्टा किंवा बारीक पायरी उमटते. सॉफ्टवेअरमध्ये प्लेचा आकडा भरून भरपाई करण्याची सोय असते आणि नवशिक्याला तो मोह होतोच. पण कटर कापत असताना जॉबला ढकलतो, ओढतो. फट शिल्लक असेल, तर टेबल त्या फटीत सरकते. संगणकाने केलेली भरपाई कागदावर बरोबर आणि जॉबवर चूक ठरते. फट लोखंडातूनच काढावी लागते.

त्याचे दोन मार्ग. स्वस्त मार्ग असा, की जुन्या स्क्रूवर दोन नट बसवायचे आणि मध्ये स्प्रिंग किंवा स्क्रूने ताण देऊन ते आट्यांच्या दोन विरुद्ध अंगांना टेकवायचे. स्क्रू सर्वत्र सारखा झिजलेला असेल तर हे चालते. पण तो बहुधा मधोमध जास्त झिजतो, कारण काम नेहमी टेबलाच्या मध्यावरच होते. मग मध्ये नट आवळला तर टोकाला जाम होतो. दुसरा मार्ग बॉलस्क्रूचा. यात स्क्रू आणि नटाच्या मध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात, एका टोकाला बाहेर पडून नळीतून पुन्हा आत येतात. घर्षण फार कमी आणि प्ले जवळपास शून्य. बाजारात सहज मिळणाऱ्या सी-७ दर्जाच्या बॉलस्क्रूत ३०० मिलिमीटर लांबीत ०.०५ मिलिमीटरची चूक मान्य असते. घरच्या कामाला ती चालून जाते. मात्र तो बसवण्यासाठी टेबलाखालची जागा थोडी कोरावी लागते, टोकांना बेअरिंगचे ब्लॉक करावे लागतात, आणि ते करायला मिलिंग मशीन लागते! त्यामुळे शहाणे लोक मशीन खोलण्याआधीच त्याच्यावर हे सगळे भाग कापून ठेवतात.

बॉलस्क्रूचा एक गुण चिखलदऱ्यात अवगुण ठरतो. जुना चौकोनी किंवा तिरप्या आट्यांचा स्क्रू घर्षणामुळे जागच्या जागी अडून राहतो. बॉलस्क्रू अडत नाही. झेड अक्षावर तो लावला आणि वीज गेली, की मोटरची पकड सुटते आणि मशीनचे डोके स्वतःच्या वजनाने खाली सरकू लागते, तेही कटर जॉबमध्ये असताना. पावसाळ्यात जंगलातून येणाऱ्या तारांवर फांदी पडली की डोंगरावरची वीज किती वेळा जाते, हे तिथल्या माणसाला सांगायला नको. म्हणून झेडला ब्रेक असलेली मोटर, काउंटरवेट किंवा गॅस स्प्रिंग यांपैकी काहीतरी लागतेच. हा खर्च टाळण्याचा विचारही करू नये.

मोटरीचे गणित त्या मानाने सरळ. घरगुती रूपांतरात बहुधा स्टेपर मोटर वापरतात. ती एका झटक्याला १.८ अंश फिरते, म्हणजे पूर्ण फेरीला २०० पावले. स्क्रूची चाल ५ मिलिमीटर असेल, तर एका पावलाला टेबल ०.०२५ मिलिमीटर सरकते. मोटरला वीज पुरवणारा ड्राइव्हर हे पाऊल आणखी दहा भागांत तोडतो. मग फेरीला २,००० पल्स, म्हणजे एका मिलिमीटरला ४००. संगणकात भरायचा महत्त्वाचा आकडा हाच. टेबल मिनिटाला १,२०० मिलिमीटर वेगाने न्यायचे, तर सेकंदाला ८,००० पल्स लागतात आणि तेही अगदी समान अंतराने. साध्या संगणकावर दुसरे काही काम चालू असेल, तर ही लय तुटते. म्हणूनच लिनक्स-सीएनसीला वेळेचे बंधन पाळणारी खास प्रणाली लागते, आणि लोक त्या संगणकावर सिनेमे बघत नाहीत.

स्टेपरची खोड अशी, की वेग वाढला की तिची ताकद घटते आणि ताकद संपली की ती पावले चुकते. चुकली तरी सांगत नाही. कटर अडकून दहा पावले राहिली, तरी संगणकाच्या पडद्यावरचा आकडा बरोबरच दिसतो. एन्कोडर, म्हणजे फेरी मोजणारा सेन्सर, असलेली क्लोज्ड-लूप मोटर घेतली तर ती चूक ओळखून मशीन थांबवते. पैसे थोडे जास्त, डोकेदुखी पुष्कळ कमी.

घरात सिंगल फेज वीज असते आणि जुन्या मशीनची मुख्य मोटर बहुधा थ्री फेजची. दोन हॉर्सपॉवरच्या आसपासच्या मोटरीला व्हीएफडी हा उपाय. तो २३० व्होल्टचा एक फेज घेऊन तीन फेज देतो. मोटरचे कनेक्शन मात्र तेवढ्या व्होल्टेजला बदलावे लागते. वेगही नॉब फिरवून कमी-जास्त करता येतो. तोच व्हीएफडी विजेत इतका गोंगाट मिसळतो, की टेबल टोकाला पोचल्याचे कळवणाऱ्या लिमिट स्विचच्या शेजारून गेलेल्या तारेत खोटे सिग्नल उमटतात आणि मशीन चालता चालता थांबते. उपाय जुनेच: जाळीची केबल, तारा दूर-दूर नेणे आणि पक्के अर्थिंग. खडकाळ जमिनीत अर्थिंगचा रॉड किंवा प्लेट घालणे सोपे नसते. मैदानात फायद्याची न ठरलेली काळी माती इथे मात्र हवीशी वाटते.

सुरक्षेच्या बाबतीत दोनच गोष्टी, पण त्यांना पर्याय नाही. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण प्रोग्रामला विनंती करणारे नको. ते मोटरींची वीज थेट तोडणारे हवे. दुसरे, स्क्रूच्या एका टोकाला मोटर लावून दुसऱ्या टोकाचे हँडल तसेच ठेवले, तर प्रोग्राम धावताना ते हँडल गरगर फिरते आणि त्याची मूठ पोटाला किंवा मनगटाला लागते. ते काढून टाकावे.

आज्ञांची भाषा जी-कोड. ‘जी१ एक्स५० वाय२० एफ१५०’ म्हणजे सरळ रेषेत एक्स ५० आणि वाय २० या बिंदूपर्यंत जा, मिनिटाला १५० मिलिमीटरच्या गतीने. अक्षांची नावे आणि लांब गणिते यांना घाबरण्यासारखे त्यात काही नाही. शाळेतला आलेखाचा कागद ज्याला कळला, त्याला हे कळते. गुंतागुंतीच्या आकारासाठी संगणकावर चित्र काढायचे आणि कटरची वाट ठरवणारा कॅमचा प्रोग्राम त्यातून जी-कोड स्वतः लिहून देतो. मात्र कटर किती खोल न्यायचा, फेरे किती, गती किती, हे ठरवताना पुन्हा मशिनिस्टचाच अनुभव लागतो. आयटीआयमध्ये मशिनिस्टच्या ट्रेडला आधी हँडलवर बसवतात आणि मग सीएनसीवर नेतात, त्यात शहाणपण आहे.

हवामानाशीही गाठ आहे. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते, ॲल्युमिनियमची त्याच्या दुप्पट. अकोल्याच्या मे महिन्यात पहाटे आणि दुपारी पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ॲल्युमिनियमचा २०० मिलिमीटरचा तुकडा ०.०७ मिलिमीटरने लांबतो. दुपारी तापलेल्या जॉबवर घेतलेले माप रात्री खोटे ठरते. चिखलदऱ्याला ऊन सौम्य, पण जून ते सप्टेंबर धुके घरात शिरते आणि उघड्या बेडवर एका रात्रीत गंजाचा तांबूस थर धरतो. रोज काम संपल्यावर तेलाचा हात आणि वर झाकण, एवढी शिस्त पाळली नाही तर बाकी सगळी अचूकता वाया.

खेड्यात अशी यंत्रे चालतील का, हा प्रश्न महाराष्ट्रात याआधी विचारला गेला आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते दुष्काळी गावात आले होते. शाळा सोडलेल्या मुलांना शेती, वर्कशॉप, वीज आणि घर-आरोग्य ही कामे हाताने करायला लावून शिकवायचे आणि त्या कामांतून गावाला सेवा द्यायची, अशी त्यांची पद्धत. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ची कल्पना काढली, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये पाबळला झाली; बोस्टनच्या बाहेर इतक्या लांब, आणि कुठल्या महानगरात नव्हे. लॅबच्या साधनांत टेबलावर मावणारे, संगणकाने चालणारे छोटे मिलिंग मशीनही होते. पुढच्याच वर्षी कलबाग गेले, पण काम थांबले नाही. पाबळकडे बघून एक गोष्ट ठळक जाणवते: तिथे यंत्राआधी गावातली गरज शोधली गेली.

चिखलदऱ्याच्या पडवीतल्या मशीनसाठीही हाच हिशेब आधी मांडलेला बरा. एकच की-वे पाडायचा असेल तर हँडलवाले मशीन जिंकते. संगणक सुरू होईपर्यंत मिस्त्रीचा जॉब संपलेला असतो. कटरही हातानेच बदलावा लागतो, आणि दर वेळी त्याची लांबी नव्याने मोजावी लागते. सीएनसीचा फायदा वक्र आकारात आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या भागात आहे. वऱ्हाडात अशा भागांना तोटा नाही. जिनिंगमधली जुनी यंत्रे, अकोल्याच्या डाळ मिली, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या धर्तीच्या छोट्या डाळ मिली, पिठाच्या गिरण्या, उसाच्या रसाचे चरक, या सगळ्यांत असे कॅम, दट्टे आणि पट्ट्या असतात, ज्यांचा मूळ कारखाना केव्हाच बंद पडला आहे आणि ड्रॉइंग कुणाकडेच नाही. तुटलेले दोन तुकडे जुळवून व्हर्नियरने मापे घ्यायची आणि चित्र काढायचे, यात पहिल्यांदा एक संध्याकाळ जाते. पुढच्या हंगामात तोच भाग पुन्हा तुटला, तर फाइल तयार असते. मग नवा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, झीरो घ्यायचा, आणि कटर जॉबच्या दहा मिलिमीटर वर ठेवून पहिला फेरा हवेतच चालवून बघायचा.